संध्याकाळ कुणाच्या बापाची?



गेल्या हिवाळ्यात एका रविवारी मी एक गुन्हा केला. आय, बाप, बायको आणि आठ वर्षांची पोरगी, सगळ्यांना घेऊन गोवंडीला हार्बरची लोकल पकडली आणि काळ्या घोड्याला फिरायला गेलो. मोर्चा नव्हता. धरणं नव्हतं. सहा डिसेंबर नव्हता की चौदा एप्रिल नव्हती. हातात झेंडा नाही, छातीवर बिल्ला नाही. नुसतं फिरायला. चित्रं बघायची, बाहेर जेवायचं, परत यायचं. बस्स.

दुसऱ्या दिवशी बैठकीत हे सांगितलं तर एक कार्यकर्ता हसला. म्हणाला, "लोकांच्या झोपड्यांवर बुलडोझर फिरतायत आणि तू फॅमिली घेऊन आर्ट गॅलऱ्या हिंडतोस? साला, पांढरपेशा झालास तू."

तिथं मला उत्तर सुचलं नाही. चहा पिऊन गप घरी आलो. हे लिहितोय ते त्याचं उत्तर.

आधी आयपासून सुरू करतो. मोर्चाला चल म्हटलं की आय कधी काही विचारत नाही, पायात चपला सरकवते. त्या रविवारी दुपारी म्हटलं, "आये, चांगलं लुगडं नेस, फिरायला जायचंय." तिनं पहिला प्रश्न केला, "कशाला?" आणि दुसरा केला, "मग सैपाक?"

हे दोन प्रश्न नीट ऐका. आपल्या अख्ख्या चळवळीनं ह्या दोन प्रश्नांची उत्तरं अजून दिलेली नाहीत.

"कशाला?" ह्या शब्दाला जात आहे. मलबार हिलवरची बाई संध्याकाळी बाहेर पडताना कशाला म्हणून विचारत नाही. तिला कारण लागत नाही. आपल्या माणसाला घराबाहेर पडायला कारण लागतं. काम, दवाखाना, रेशन, पोलीस चौकी, मयत, मोर्चा. बिनकामाचा आपला माणूस चांगल्या रस्त्यावर उभा राहिला की त्याच्याकडे संशयाने बघतात. पिढ्यान् पिढ्या बघत आलेत. त्यामुळे तो स्वतःकडेच संशयाने बघायला शिकलाय. आय पन्नास वर्षांवर मुंबईत आहे. काळ्या घोड्यापासून चार पावलांवरच्या एका हापिसात तिनं सात वर्षं लादी पुसली. सकाळी साडेसहाला शिरायचं, बाबू लोक यायच्या आत बाहेर. त्या रस्त्याची सकाळ तिला पाठ आहे. त्या रस्त्याची संध्याकाळ तिनं ह्या हिवाळ्यापर्यंत बघितली नव्हती. एकाच शहरात राहून आपल्याला शहराचे ठराविक तासच मिळालेत, हे तुमच्या कधी ध्यानात आलंय का?

आणि "मग सैपाक?" ह्यावर तर मी काहीच बोलू नये. मी बाईच्या मुक्तीवर स्टेजवरून भाषणं ठोकलीत. टाळ्या घेतल्यात. भाषण ठोकून रात्री अकराला घरी आलो की आय ताट वाढायची. तिला एका संध्याकाळची सुट्टी द्यायला मला चाळिशी गाठावी लागली.

तर गेलो. सीएसटीला उतरलो, हुतात्मा चौकावरून चालत काळ्या घोड्याला. पोरीला घोडा दाखवला. तिला सांगितलं, इथं पूर्वी खरोखरचा राजा बसलेला पुतळा होता. १८७९ साली बसवलेला, पुढं सातवा एडवर्ड झालेल्या युवराजाचा. १९६५ साली तो इथून हलवून भायखळ्याच्या राणीच्या बागेत नेऊन ठेवला. राजा गेला, घोडा गेला, पण चौकाचं नाव काळा घोडाच राहिलं. मग २०१७ साली नवा घोडा बसवला, वर कुणी नाही. पोरगी म्हणाली, "ह्याच्यावर आता कोण बसणार?" आय म्हणाली, "कुणी नगं बसाया. मोकळाच बरा दिसतुया."

समोर एल्फिन्स्टन कॉलेज. बाप रस्ता ओलांडून त्या इमारतीपाशी गेला आणि हात जोडून उभा राहिला. बाबासाहेब इथून बी. ए. झाले, हे त्याला माहीत. पण एक गोष्ट त्याला माहीत नव्हती, ती मी सांगितली. धनंजय कीरांच्या चरित्रात आहे. ह्या कॉलेजात बाबासाहेब शिकत होते तेव्हा कॉलेजचा हॉटेलवाला त्यांना चहा देत नसे, पाणी देत नसे. बडोद्याच्या महाराजांची शिष्यवृत्ती घेणारा विद्यार्थी वर्गात बसू शकत होता, पुस्तक उघडू शकत होता. पण तहान लागली की तो पुन्हा महार.

बाप गप झाला. मग म्हणाला, "म्हंजे शिकू दिलं, पर चा न्हाय पिऊ दिला."

दोस्तांनो, माझ्या बापानं एका वाक्यात अख्खं समाजशास्त्र सांगितलं. शिक्षण कारणाचं असतं. चहा बिनकारणाचा असतो. माणूस म्हणून बरोबरीनं बसणं हे बिनकारणाच्या गोष्टीतच असतं. व्यवस्थेला आपलं काम चालतं, आपला घाम चालतो, आता आपली डिग्रीसुद्धा नाक मुरडत का होईना चालते. आपली फुरसत चालत नाही.

पुढं त्याच भागातल्या एका गल्लीत एक खाजगी गॅलरी. काचेचं दार, आत थंडगार, भिंतीवर मोठी मोठी चित्रं. तिचं नाव सांगत नाही. नाव घेऊन एकाच दारावर खापर फोडायचं नाही, अशी दारं ह्या शहरात गल्लोगल्ली आहेत. मी दार ढकललं तर वॉचमन आडवा आला. "कुणाला भेटायचंय?" म्हटलं, चित्रांना. तो म्हणाला, "आज बंद आहे." काचेतून आत दोन बाया आणि एक गोरा पाहुणा हातात ग्लास घेऊन हिंडताना दिसत होते. मी बोट दाखवलं. त्यानं खाली मान घातली आणि हळूच म्हणाला, "दादा, माझी नोकरी जाईल." त्याच्या छातीवरच्या ओळखपत्रावर आडनाव वाचलं. आपलंच.

इथं मी भांडू शकलो असतो. पण कुणाशी? त्या पोराशी? आपल्याला अडवायला आपलाच माणूस बारा तास उभा करायचा, त्याला आठवड्याची सुट्टी नीट द्यायची नाही, आणि आपण दोघं दारात एकमेकांची तोंडं बघत उभे. पूर्वी पाटी लावायचे. आता पाटी नाही, जात कुणी विचारत नाही. आता विचारतात, "कुणाला भेटायचंय?" चपलेकडे बघतात. आयच्या लुगड्याकडे बघतात. प्रश्न तोच आहे, कपडे बदललेत.

बायको म्हणाली, "चला, दारं काय एकच नाय." तिथून निघालो आणि दुसऱ्या एका गॅलरीत गेलो. तिकीट नाही, अडवणारा नाही. अशाही जागा आहेत. जहांगीर आर्ट गॅलरी १९५२ पासून उभी आहे आणि तिथं आत जायला पैसा पडत नाही, हे आपल्या वस्तीतल्या किती पोरांना माहीत आहे? बाहेरच्या फुटपाथवरसुद्धा चित्रकार आपली चित्रं मांडून बसतात. आम्ही गेलो ती गॅलरी ह्याहून लहान, पण उघडी.

आत जे घडलं ते मी विसरणार नाही.

बाप रंगारी. चाळीस वर्षं परांचीवर चढला. तो आत शिरला आणि चित्रं सोडून भिंतच बघायला लागला. बोटानं चाचपली. म्हणाला, "लांबी नीट भरली न्हाय. पालिश पेपर मारला न्हाय. हितं बघ, पोट आलंय." मी म्हटलं, बाबा, चित्रं बघा. मग तो एका मोठ्या निळ्या चित्रापुढं उभा राहिला. पाच मिनिटं. दहा मिनिटं. मग म्हणाला, "ह्यानं खाली पांढरा सुकू दिला न्हाय, वरनं निळा मारलाय. म्हून मधी असा धुरकट आलाय. चुकून न्हाय, मुद्दाम केलंय त्यानं. आमी चुन्यात नीळ टाकायचो तवा घाई केली की असंच व्हायचं. मुकादम शिव्या द्यायचा. हा बघ, भिंतीवर लावून बसलाय." आणि हसला. मनापासून हसला.

आय दुसऱ्या चित्रापुढं होती. खेड्यातल्या तीन बाया, डोक्यावर हंडे, मागं डोंगर, संध्याकाळचा सोनेरी उजेड. छान दिसत होतं. आय म्हणाली, "ह्यांच्या डोस्क्यावर चुंबळ न्हाय. हंडा ऱ्हाईल कसा?" मग अजून जवळ गेली. "आन हंडा भरल्याला न्हाय. भरल्याला असता तर मान अशी नसती."

मला सांगा, ह्याहून मोठी समीक्षा कुठल्या पेपरात वाचलीय तुम्ही? जिनं तीन कोसांवरून पाणी आणलं, जिला गावाच्या विहिरीला शिवू दिलं नाही, तिलाच कळतं की हंडा रिकामा आहे. ती चित्रातली बाई खरी नाही, कारण तिच्या मानेवर वजन नाही. आपल्या आयाबापांना कला कळत नाही असं आपणच म्हणतो, आपणच त्यांना घरी ठेवून सिनेमाला जातो. अरे, त्यांना कळतं. त्यांना तिथपर्यंत नेलं नाही आपण.

भिंतीवर आपण अजिबातच नाही असंही नाही, हे सांगायला पाहिजे. नागपूरच्या सवी सावरकरनं गळ्यात मडकं बांधलेला अस्पृश्य काढला, आणि तो बघून कुणाला सोनेरी उजेड आठवत नाही. पुण्याची राज्यश्री गुडी हिनं दलित आत्मकथनांतल्या खाण्याच्या जागा शोधून त्यांच्यातून पाककृती लिहिल्या आणि ते काम कलेच्या दालनात नेऊन मांडलं. भूकसुद्धा भिंतीवर येऊ शकते. पण ती बघायला भुकेलेल्यांची लेकरं गेली नाहीत तर बघणार कोण? पुन्हा तेच, ग्लास हातात घेतलेले.

मग भूक लागली.

एका हॉटेलात शिरलो. त्याचंही नाव नाही. मेन्यू इंग्रजीत. पोरगी वाचून दाखवत होती आणि आय किमती ऐकत होती. एका डिशची किंमत आमच्या घरच्या आठवड्याच्या बाजाराएवढी. त्यात एक पदार्थ होता नळीचा. उभी चिरलेली नळी, आतला मगज, बाजूला पावाचा तुकडा. आय ऐकतच राहिली. ही नळी तिनं लहानपणी दगडावर ठोकून चोखली, कारण मांस दुसऱ्यांच्या ताटात जायचं आणि हाडं आपल्या वाट्याला यायची. त्या हाडाला आता काचेची बशी मिळाली. आपण खाल्लं तेव्हा ते किळसवाणं होतं. त्यांनी खाल्लं की ती चव झाली.

आय उठली. म्हणाली, "मला भूक न्हाय."

"भूक न्हाय" हे आपल्या आयांचं जुनं वाक्य आहे. लहानपणी भाकरी कमी पडली की हेच म्हणायची. तेव्हा कळत नव्हतं, खरंच वाटायचं. त्या दिवशी कळलं. आम्ही सगळे उठलो, पाण्याचे ग्लास तसेच ठेवून बाहेर आलो. हरलो? थोडेसे हरलो. खोटं कशाला सांगू.

पण घरी परतलो नाही. कुलाब्याच्या गल्लीत निखाऱ्यावर कबाब भाजत होते तिथं गेलो. फुटपाथवर उभं राहून, लावलेल्या गाडीच्या बॉनेटवर प्लेटी ठेवून पाच जण पोटभर जेवलो. बाजूला गाडीवाले शेठ, बाजूला टॅक्सीवाला, कॉलेजची पोरं. कुणी कुणाला विचारलं नाही. आयनं दोन रोट्या खाल्ल्या, तिसरी मागितली. म्हटलं, कसं आहे? म्हणाली, "मीठ कमी हाय. पर ग्वाड लागतंय. मी न्हाय ना केलं, म्हून."

आता त्या कार्यकर्त्या दोस्ताकडे वळतो.

दोस्ता, तू म्हणालास ही चैन आहे. मी तुला संविधान दाखवतो. कलम १५, पोटकलम २. धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान ह्यांवरून कुणाला कशाकशापासून रोखता येणार नाही त्याची यादी तिथं आहे. दुकानं. सार्वजनिक उपाहारगृहं. हॉटेलं. सार्वजनिक करमणुकीच्या जागा. आणि त्याच्या लगेच खाली विहिरी, तळी, घाट, रस्ते. बघ नीट. विहीर आणि हॉटेल एकाच कलमात आहेत. तळं आणि करमणूक एकाच कलमात आहेत. मसुदा समितीचा अध्यक्ष कोण होता ते तुला सांगायला नको. विहीर म्हणजे लढा आणि हॉटेल म्हणजे चैन, अशी फाळणी त्यात नाही. ती तू केलीस.

आणि महाड काय होतं? १९२३ साली मुंबईच्या कायदेमंडळात सी. के. बोल्यांचा ठराव झाला, सार्वजनिक पैशाचे पाणवठे, धर्मशाळा, शाळा, दवाखाने सगळ्यांना खुले करा. ठराव कागदावर पडून राहिला. १९२७ च्या २० मार्चला बाबासाहेब हजारो माणसं घेऊन चवदार तळ्यावर गेले आणि ओंजळ भरली. तहानेनं जीव चालला होता म्हणून नव्हे. आपणही माणसं आहोत हे ठरवायला. कागदावर खुलं असलेलं प्रत्यक्षात पाय ठेवल्याशिवाय खुलं होत नाही, हे महाडनं शिकवलं. आज गॅलरीचं दार कागदावर खुलं आहे. फुटपाथ खुला आहे. समुद्र खुला आहे. पाय कुणाचे पडतात तिथं?

तू म्हणशील, आपल्याला आपली कला आहे, आपलं जेवण आहे, त्यांच्या दारात कशाला जायचं? खरं आहे. आपले जलसे चाळीच्या पटांगणात रात्र रात्र चालले, भीमराव कर्डकांनी गावोगाव नेले, पटांगण हीच आपली गॅलरी होती. सहा डिसेंबरला शिवाजी पार्कात पुस्तकांचे स्टॉल लागतात, उपाशीतापाशी आलेला माणूस भाकरीच्या पैशातून पुस्तक घेतो. असला महोत्सव दुनियेत नाही. जेवणाचंही तसंच. शाहू पाटोळेंनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' लिहून आपलं ताट पुस्तकात आणलं, चान्या, वजडी, रक्ती सगळ्यांसकट, लाज न बाळगता. आणि ह्याच ताटावर सरकारचा डोळा आहे. गाय १९७६ च्या कायद्यात होती, २०१५ साली बैल आणि वळूही त्यात घातले. २०१६ साली मुंबई हायकोर्टानं बंदी कायम ठेवली, फक्त बाहेरच्या राज्यातून आणलेलं बाळगण्याचा गुन्हा काढून टाकला. आपण काय खायचं हे ठरवायचा हक्क ते सोडायला तयार नाहीत.

पण आपलं आहे म्हणून शहर त्यांना सोडून द्यायचं का? हे शहर बांधलं कुणी? गिरण्यांत कोण खपलं, गटारात कोण उतरलं, बंदरावर ओझी कुणी वाहिली? त्या गॅलरीची भिंत पांढरी कुणी केली? चित्रकाराचं नाव चित्राखाली लिहितात. भिंत रंगवणाऱ्याचं कुठं लिहितात?

झोपड्यांवर बुलडोझर येतो तेव्हा मी जातो, पुढंही जाईन. त्याच्यापुढं उभं राहायला लागतं ते हे की, हे शहर माझं आहे असं आतून वाटलं पाहिजे. जिनं शहराची संध्याकाळ कधी बघितलीच नाही, ती शहरावर हक्क कसा सांगेल? आपण माणसांना फक्त मोर्चासाठी बाहेर काढलं. हजारांनी एकत्र जायला शिकवलं. पाच जणांनी बिनकारणाचं जायला शिकवलं नाही. हजारांनी गेलो की ते घाबरतात, दुकानाची शटरं ओढतात. पाच जणांनी रोज गेलो, शांतपणे, चांगलं लुगडं नेसून, भिंती चाचपत, मीठ कमी आहे म्हणत, तर त्यांना सवय करून घ्यावी लागेल. दुसरा इलाज नाही त्यांना.

म्हणून सांगतो. येत्या रविवारी बैठक ठेवू नका. ठेवलीच तर सकाळी उरका. संध्याकाळी आयला घेऊन निघा. बापाला, बहिणीला, बायकोला घ्या. चूल बंद. नाक्यावर मित्रांच्या घोळक्यात चहा मारणं ह्यात धरू नका, ते तुम्ही रोज करता आणि आय घरीच असते. फुकटचं दार आधी शोधा, ते आहे. एका दारानं अडवलं तर दुसरं ढकला. वॉचमनशी भांडू नका, त्याला नाव विचारा, जय भीम घाला. चित्रापुढं उभे राहा आणि आयला विचारा, कसं वाटलं? ती काय म्हणते ते लिहून काढा आणि ह्या मासिकाला पाठवा. आपली कलासमीक्षा तिथनं सुरू होईल, विद्यापीठातून नाही.

परतीच्या लोकलमध्ये पोरगी झोपली. आय खिडकीशी बसली होती. वडाळा गेलं तसं म्हणाली, "पुढल्या येळी त्या काचंच्या दारात पुन्हा जाऊ."

म्हटलं, "कशाला?"

तर म्हणाली, "कशाला म्हंजे? फिराया."

जय भीम.